सोनवणे नानांचं वाक्य

“मी समक्ष विचारले वरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेतीकाम करून उपजीविका करते. दिनांक सतरा रोजी सकाळी नऊ वाजताचे सुमारास...”

लंकाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून, डोळे मिटून, हात जोडून हे सगळं आरतीच्या चालीवर म्हणत होत्या. सव्वादहा वाजले होते. अकराला कोर्ट बसणार, बोर्डावर एकेचाळीस केसेस आणि त्यात ह्यांची सातवी. मी हातातला चहा खाली ठेवला.

“आजी, थांबा. हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

त्यांनी एक डोळा उघडला. “शेजारनी भागीबाईनी सूननी. रोज सांजले वाचाले लावं मी तिले. पंधरा दिवस व्हयनात. आते बठ्ठं पाठ शे.”

त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी पूजा उभी होती, डाव्या पायावर कमी भार देऊन. तिने कपाळाला हात लावला. “मी काल रात्रीपासून सांगतेय मॅडम, असं नसतं बोलायचं. ऐकतच नाही.”

मी नाशिकच्या फौजदारी कोर्टात सरकारी वकील आहे. लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे मोठी केबिन आणि मागे कपाटभर पुस्तकं. आमची एक खोली आहे, तीन वकिलांत दोन टेबलं, ज्याला उशीर होईल त्याने खिडकीत फाइल ठेवून काम करायचं. पोलीस तपास करतात, जबाब लिहितात, दोषारोपपत्र बांधून कोर्टात देतात. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी ती केस उभी राहते तेव्हा आम्ही साक्षीदाराला पहिल्यांदा बघतो, तेही दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत त्याला धीर द्यायचा, जबाब वाचून दाखवायचा आणि आत न्यायचं.

साक्षीदाराला तिथपर्यंत आणण्याचं काम पैरवी हवालदाराचं. माझ्या कोर्टाचे पैरवी हवालदार म्हणजे सोमनाथ सोनवणे, सगळ्यांचे नाना. सत्तावन्न वर्षांचे, निवृत्तीला चार महिने उरलेले. समन्स घेऊन जायचं, पत्ता बदलला असेल तर माग काढायचा, साक्षीदाराला बसचा नंबर सांगायचा आणि तारखेला सकाळी कोर्टाच्या फाटकात उभं राहायचं, हे त्यांचं आयुष्य. लंकाबाई दोनदा सापडल्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी नाना स्वतः देवळ्याला गेले आणि कांद्याच्या चाळीत त्यांना गाठून समन्स हातात दिलं. सोबत जबाबाची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, “वाचून या.” लंकाबाईंना वाचता येत नाही. पण हवालदाराने सांगितलं ते करायचं, एवढं त्यांना येत होतं.

केस साधी होती. सहा वर्षांपूर्वी इंदिरानगरात पाण्याच्या लाइनीसाठी रस्ता खणला होता, कडेला सिमेंटचे मोठे पाइप ठेवले होते. पूजा बालवाडीत शिकवायची. लंकाबाई लेकीकडे आठ दिवस राहायला आलेल्या. सकाळी दोघी बालवाडीकडे निघाल्या होत्या, तेव्हा एक मोटार आली आणि पूजाचा पाय गाडी आणि पाइप यांच्यामध्ये सापडला. गुडघ्याखाली हाडाचे तीन तुकडे झाले. मोटार चालवणारा त्याच भागात राहणारा होता, पळून बिळून गेला नाही. त्याचं म्हणणं एवढंच की बाई अचानक आडवी आली, माझी काही चूक नाही. पाहणारं तिसरं माणूस म्हणजे लंकाबाई.

“बरं आजी, मला सांगा, गाडी कशी आली?”

“भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.”

“म्हणजे कशी?”

“ते माले काय माहीत? कागदवर लिखेल शे.”

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आमच्या जिल्ह्यात अपघाताची अशी केस शोधून सापडणार नाही, जिच्यात हे वाक्य नाही. सायकलने म्हातारीला धडक दिली तरी ती सायकल भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने येते. आणि हे वाक्य सगळ्यांत ठसठशीत, सगळ्यांत ऐटीत लिहिणारे कोण, तर आमचे नाना. पैरवीला येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत रायटरचं काम केलं होतं. साहेब तपास करायचे, सही करायचे, लिहायचे नाना. त्यांनी बांधलेलं दोषारोपपत्र कोर्टातून त्रुटी काढून परत आलं असं कधी झालं नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. ‘सदर’, ‘नमूद’, ‘वर्णनाचा इसम’ हे शब्द त्यांच्या तोंडात एरवीही असत. कँटीनमध्ये चहा गार आला तर “सदरचा चहा परत घेऊन जा” म्हणायचे. आम्ही हसायचो. त्यांना राग यायचा नाही, उलट कौतुक होतंय असं वाटायचं.

मी दारात उभ्या असलेल्या नानांना हाक मारली. “नाना, बघा काय झालंय. आजी पोपटासारखं बोलतायत. आरोपीचे शेख वकील दोन प्रश्नांत उघडं पाडतील.”

नाना आत आले. टोपी काढली, खुर्ची ओढली आणि लंकाबाईंसमोर बसले. मग जे झालं ते मी अकरा वर्षांच्या वकिलीत पाहिलं नव्हतं.

“माय, बठ आठे,” नाना म्हणाले. “तो कागद सोडी दे. तू काय देखं, ते सांग माले.”

मी बघतच राहिले. नाना बागलाणातले आहेत हे माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. पहिल्या नोकरीत एका फौजदाराने “ही गावंढळ भाषा ठाण्याबाहेर ठेवायची” असं सुनावलं होतं, आणि तेव्हापासून नानांनी ती बाहेरच ठेवली होती. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

लंकाबाई बसल्या. पदर सारखा केला. आणि आरतीची चाल गेली.

“गाडी हळू उनी भाऊ. बैलगाडी येस ना, तशी. उलट्या बाजूनी उनी. त्या माणूसनी मुंडी खाले व्हती, मोबाइलमा. मी आरोळी मारी. त्यानी वर देखंच नही. मना पोरना पाय गाडी नि पाइपमा दाबाई गया.” त्या थांबल्या. “हळूच उनी भाऊ. जोरमा उनी असती तर आम्ही पळतूत तरी.”

मी फाइल उघडून घटनास्थळाचा पंचनामा काढला. रस्ता खणलेला, मातीचे ढीग, जाण्यायोग्य रुंदी नऊ फूट. त्या रस्त्यावरून भरधाव वेगात बैलगाडीसुद्धा गेली नसती. म्हणजे जबाबातलं ते वाक्य नुसतं छापील नव्हतं, ते चूक होतं. आणि मोबाइलचा, उलट्या बाजूचा जबाबात एक शब्द नव्हता.

“मग हे तेव्हा का नाही सांगितलंत, आजी?”

“सांगं व्हतं की.” लंकाबाईंनी नानांकडे पाहिलं. बोट नाही दाखवलं, नुसतं पाहिलं. “तूच व्हता ना भाऊ तठे? कम्प्युटरवर. मी सांगी राहिंती, तू लिखी राहिंता. देवळ्याले उना तवयच मी वळखं तुले.”

नाना उठले. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले. परत आले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

“मॅडम, त्या साली मी तिथंच रायटर होतो,” ते म्हणाले. “अपघाताचा एक नमुना करून ठेवला होता मी कम्प्युटरवर. नाव, तारीख, गाडी नंबर बदलायचा, की जबाब तयार. दिवसाला चार-चार यायचे. बाई बोलायची, मी नाव-गाव टाकायचो.”

“वाचून दाखवला होता का जबाब?”

“शेवटी लिहिलेलं असतं ना मॅडम, ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’. तेही नमुन्यातच होतं.”

अकराला पाच कमी होते. मागच्या तारखेला न्यायाधीश साहेबांनी रोजनाम्यात ‘शेवटची संधी’ लिहिलं होतं, त्यामुळे पुढची तारीख मागायची सोय नव्हती.

नाना हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, पाठ आहे तसंच म्हणू द्या. जबाब आणि साक्ष जुळली की निम्मं काम होतं. वेगळं बोलली तर शेख वकील म्हणणार, बाई कोर्टात येऊन नवीन गोष्ट रचतेय.”

खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं. वकिलीत जुळण्याला फार मोल असतं. पण त्या समोर बसलेल्या म्हातारीला मी शपथ घ्यायला लावणार होते आणि नंतर तिने पाहिलंच नाही ते तिच्या तोंडून वदवणार होते. तेवढं निर्लज्ज होणं मला जमलं नाही.

“आजी, आत गेल्यावर आत्ता सांगितलंत तेच सांगा. जसं सांगितलंत तसंच.”

लंकाबाई घाबरल्या. “मंग कागद खोटा पडी. पोरनी केस जाई.”

आणि त्या रडायला लागल्या. मला वाटलं, त्या आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून रडतायत. पूजानेच सांगितलं, “मॅडम, तिला त्या माणसाचं काही नाही पडलेलं. माझ्या सासरी सहा वर्षं हेच चाललंय, ‘हिचंच लक्ष नव्हतं, हीच गाडीखाली गेली.’ गावाकडंही तेच बोलतात. माझ्या मुलीलासुद्धा कुणीतरी सांगितलं. आईला फक्त एवढंच हवंय, की माझी चूक नव्हती हे कुठंतरी लिहून यावं.”

एवढी साधी गोष्ट. आणि ती आता माझ्या, शेख वकिलांच्या आणि एका नमुन्याच्या हातात होती.

दुपारी सव्वाबाराला पुकारा झाला. लंकाबाई पिंजऱ्यात चढल्या, ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाल्या, आणि जशी गाडी आली होती तशी सांगितली, अगदी अहिराणीत. आमचे न्यायाधीश वऱ्हाडातले. दोन वाक्यांनंतर त्यांनी हात वर केला.

“मला हे नीट कळत नाहीये. दुभाष्या लागेल का?”

बचावाचे वकील सलाउद्दीन शेख उठले. मालेगावचे, पासष्टी ओलांडलेले, आवाज मऊ आणि प्रश्न सुरीसारखे. “साहेब, मी ह्याच भाषेत लहानाचा मोठा झालो. मला कळतंय. बाईंनी त्यांच्याच बोलीत सांगावं, अडलं तिथं सरकारी वकिलांनी आणि मी मिळून अर्थ लावू. माझी हरकत नाही.”

मला त्यांचा राग यावा की आभार मानावेत ते कळेना. लंकाबाई बोलत गेल्या. बैलगाडी, मोबाइल, उलटी बाजू, आरोळी, सगळं आलं.

मग उलटतपास सुरू झाला. शेख वकिलांनी जबाबाची प्रत हातात धरली. “आजी, गाडी हळू आली हे ह्या जबाबात नाही. मोबाइल नाही. उलटी बाजू नाही. उलट ‘भरधाव वेगात’ आहे. का हो?”

“मी सांगं व्हतं. लिखं नही त्यास्नी.”

“म्हणजे पोलिसांनी खोटं लिहिलं?”

नाना मागच्या भिंतीला टेकून उभे होते. लंकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एका वाक्यात त्या माणसाचं सगळं करिअर मातीत घालायची ताकद त्या क्षणी त्या बाईपाशी होती.

“खोटं नही,” त्या म्हणाल्या. “घाईमा लिखं.”

शेख वकील किंचित हसले आणि बसले. त्यांचं काम झालं होतं. जबाब एक सांगतो, साक्षीदार दुसरंच सांगतो, आणि अशा फटीतून आरोपी सुटतात हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

बाहेर जिन्यापाशी नाना माझी वाट बघत उभे होते.

“मॅडम, अर्ज करा. जबाब लिहिणाऱ्याला साक्षीला बोलवा म्हणावं.”

“नाना, चार महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल. बावीस वर्षांच्या कामावर लोक बोटं ठेवतील.”

“ठेवू द्या की. बोट ठेवण्यासारखंच आहे ना.” ते थोडे थांबले. “ती म्हणाली घाईमा लिखं. घाई नव्हती मॅडम. त्या दिवशी मी दुपारी दोन वाजता निवांत जेवायला घरी गेलो होतो. मला आठवतंय.”

अर्ज त्यांनीच टाइप करायला घेतला. एरवी दोन पानांचा अर्ज दहा मिनिटांत हातावेगळा करणारा माणूस कीबोर्डपुढे पाऊण तास बसून होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, ‘सदर साक्षीदाराचा जबाब नजरचुकीने’ असं लिहिलं, पण ती नजरचूक नव्हती. दुसरं काय लिहायचं?” मी म्हटलं, जे झालं ते लिहा. त्यांनी आणखी दहा मिनिटं घेतली आणि चार ओळींचा अर्ज दिला. त्यांच्या हातून आलेला इतका छोटा कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

शेख वकिलांनी विरोध केला, तरी साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या पंधरा दिवसांत नाना रोज दुपारी गायब व्हायचे. मला वाटलं घाबरलेत, बाहेर कुणा साहेबाकडे जातायत. नंतर कळलं, ते रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसत होते. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर चार केसेसच्या जबाबांच्या प्रमाणित नकला ठेवल्या. सगळ्या त्याच महिन्यातल्या, त्याच ठाण्यातल्या, चारीत अक्षराचाही फरक नसलेल्या त्याच सात ओळी.

“ही चौथी बघा,” नाना म्हणाले. “पाण्याचा टँकर आहे. रिव्हर्स येत होता. तोही भरधाव वेगात.”

मला हसू आवरेना. नानाही हसले, पण लगेच थांबले. “ह्या टँकरवाल्या केसचं काय झालं ते बघितलं मी. सुटला आरोपी. असे किती सुटले असतील, मॅडम?” मी चहा मागवला.

साक्षीच्या दिवशी नाना गणवेश इस्त्री करून आले होते. ज्या पिंजऱ्यात त्यांनी हजारो माणसं चढवली, त्याच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. शपथ झाली. मी विचारलं, “हा जबाब कोणी लिहिला?”

“मी लिहिला.”

“साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला का?”

“नाही.”

न्यायाधीश टंकलेखकाला सांगू लागले, “सदरचा जबाब मी साक्षीदाराचे सांगणेप्रमाणे नोंदविलेला नाही...”

“साहेब, माफ करा,” नाना मधेच बोलले. कोर्टात हवालदार असं मधे बोलत नाही. “तेवढं ‘सदर’ नको. ‘तिने सांगितलं तसं मी लिहिलं नाही,’ एवढंच घ्या.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टंकलेखकाला म्हणाले, “तसंच घ्या.”

मी चार नकला दाखल केल्या. नानांनी एकेक ओळखली. मग शेख वकील उठले. त्यांनी जो प्रश्न विचारला तो येणार हे मला ठाऊकच होतं.

“हवालदार, बाई म्हणतात मोबाइलचं सांगितलं होतं. तुम्हाला आठवतंय का? विचार करून सांगा, शपथेवर आहात.”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर केस तिथंच जिंकली असती. खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. लंकाबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, पूजा त्यांचा हात धरून होती. मी मनात म्हटलं, नाना, हो म्हणा. मग लगेच म्हटलं, नका म्हणू. माझंच मला कळेना.

“आठवत नाही,” नाना म्हणाले. “कारण ती सांगत होती तेव्हा मी ऐकत नव्हतो. मी लिहीत होतो.”

शेख वकिलांनी जबाबाची प्रत खाली ठेवली. “आणखी प्रश्न नाहीत,” म्हणाले. बाहेर पडताना ते नानांपाशी थांबले. “सोनवणे, चाळीस वर्षांत पोलिसाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्या अशिलाचं नुकसान केलंत.” आणि त्यांनी हात पुढे केला.

त्यानंतरचे दिवस नानांना सोपे गेले नाहीत. जुन्या ठाण्यातले लोक दोन दिवस त्यांच्याशी बोलेनात. वरिष्ठांकडून खुलासा मागणारं पत्र आलं, नानांनी दीड ओळीत उत्तर दिलं. पण तिसऱ्या आठवड्यात एका ठाण्याची नवी रायटर, हर्षाली नावाची, कोर्टात आली ती थेट नानांकडे. “नाना, मग जबाब लिहायचा तरी कसा?” तिने विचारलं. नानांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, “आधी हात कीबोर्डवरून काढायचे. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.” मग आणखी दोघं आले. शनिवारी दुपारी आमच्या खोलीत खुर्ची मिळेनाशी झाली, आणि मी माझी फाइल घेऊन खिडकीत बसायला शिकले.

निकाल लागला तो नानांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना. लंकाबाई पहाटेच्या एसटीने देवळ्याहून आल्या होत्या. पूजाने नेसायला चांगली साडी दिली होती, ती त्यांना लांब होत होती. सासूबाईंनाही पूजाने मुद्दाम आणलं होतं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, कोणाकडे न बघता.

साहेबांनी निकाल वाचायला सुरुवात केली. निकालाची भाषा ती निकालाचीच. ‘फिर्यादी पक्षाने’, ‘वाजवी संशयापलीकडे’, ‘निष्कर्ष’. मी एका शब्दासाठी कान टवकारून बसले होते. पंचनाम्यात गाडी चुकीच्या बाजूला उभी दिसते, असं ते म्हणाले. जबाबाची भाषा लिहिणाऱ्याची आहे, साक्षीदाराची नाही, असं म्हणाले. साक्षीदाराने वेग मुद्दाम वाढवून सांगितला नाही, कमीच सांगितला, आणि खोटं बोलणारा माणूस असं करत नाही, असंही म्हणाले. गाडी हळू होती म्हणून चालवणाऱ्याचं लक्ष होतं असं होत नाही. जखमी महिलेची यात कोणतीही चूक दिसून येत नाही. आरोपीस दोषी धरण्यात येत आहे.

पूजाचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. लंकाबाई मात्र गोंधळून माझा काळा कोट ओढत होत्या. “काय म्हनना? मॅडम, काय म्हनना तो साहेब?”

मी वाकून सांगायला लागले, पण माझी मराठी त्यांच्यापर्यंत पोचेना. तेवढ्यात नाना मागच्या भिंतीपासून पुढे आले. भर कोर्टात, टोपी काखेत मारून, गणवेशातला तो जाडजूड माणूस लंकाबाईंच्या बाकापाशी उकिडवा बसला. आणि सांगायला लागला. सगळा निकाल, पहिल्यापासून, त्यांच्या बोलीत. पाइप कुठे होता ते, गाडी कुठे होती ते, बैलगाडीची गोष्ट साहेबांनी कशी मानली ते.

“मनं खरं धरं कोर्टानी?” लंकाबाईंनी विचारलं.

“धरं माय. आणि लिखं बी. पोरनी चूक नही, असं लिखेल शे.”

“परत सांग.”

नानांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी आवाज जरा वाढवला, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा.

शिपाई पुढच्या केसचा पुकारा करायला दारापाशी गेला होता. साहेबांनी पुढची फाइल उघडली, पहिलं पान वाचलं, मग नानांकडे पाहिलं, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत शिपायाला हातानेच थांब म्हणून सांगितलं.